चाकाचा टब: घर्षणाचा नियम, पातळ पत्रा आणि वेल्डिंगची ज्योत

घर्षणाचा धडा शिकवताना एक नियम आपण सगळेच फळ्यावर लिहितो. घर्षणबल हे दोन पृष्ठभागांमधल्या लंब बलाच्या प्रमाणात असते. स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. वीट आडवी ठेवून ओढली काय किंवा उभी ठेवून ओढली काय, ताणकाट्यावर आकडा जवळजवळ तोच येतो. विद्यार्थी प्रयोग करतात, आकडे जुळतात आणि धडा संपतो. पण वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असतोच. तो विचारतो, "क्षेत्रफळाचा संबंध नसेल तर शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके एवढी रुंद कशाला करतात?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीतून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांवर, तिथून विमानांच्या कारखान्यात आणि शेवटी एखाद्या घरामागच्या गॅरेजमध्ये पोहोचतो. तिथे एक कारागीर जुन्या मोटारीच्या मागच्या भागातला पत्रा कापून, त्या जागी स्वतः वळवलेला नवा पत्रा वेल्डिंगने बसवत असतो. या लेखात आपण हाच प्रवास करणार आहोत.

टब म्हणजे काय?

मोटारीची डिकी उघडून आत पाहिले तर दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन उंचवटे दिसतात. त्यांच्या खाली मागची चाके असतात. चाकाने उडवलेला चिखल, पाणी आणि खडे गाडीच्या आत येऊ नयेत, चाकाला वरखाली हलायला जागा मिळावी आणि चाक व प्रवासी यांच्यामध्ये भिंत असावी, यासाठी ही योजना असते. कारखान्यात हा उंचवटा सहसा दोन साच्यांत दाबून काढलेल्या पत्र्यांचा असतो. एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्हींच्या कडा एकमेकींवर ठेवून ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात.

मूळ चाकापेक्षा बरेच रुंद चाक बसवायचे तर ते बाहेरच्या बाजूला फार सरकवता येत नाही. ते मडगार्डच्या बाहेर येईल. म्हणून त्याला आत सरकावे लागते. आत जागा करायची म्हणजे हा उंचवटा कापून त्याऐवजी मोठा उंचवटा बसवायचा. आंघोळीचा टब उलटा ठेवावा तसा तो दिसतो, म्हणून अमेरिकेतल्या कारागिरांनी त्याला 'टब' असेच नाव दिले. आपणही तेच नाव वापरू.

अमाँताँचा नियम आणि त्याची हद्द

घर्षणाचे नियम पहिल्यांदा लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत टिपले होते. पण त्या वह्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. ते पुन्हा मांडले फ्रेंच संशोधक गियोम अमाँताँ याने, १६९९ साली, पॅरिसच्या अकादमीपुढे. क्षेत्रफळाचा संबंध नाही हे विधान अकादमीतल्या विद्वानांनाही सहज पटले नव्हते. पुढे १७८५ मध्ये शार्ल कुलोंबने विस्तृत प्रयोगांच्या आधारे नियम पक्के केले. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला कुलोंब तो हाच.

पण हे नियम कशाचे होते? लाकूड, धातू, दगड, दोर यांचे. आणि ते असे का, याचे कारण विसाव्या शतकात उमगले. केंब्रिजमधले बोडन आणि टेबर यांनी दाखवून दिले की गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचा असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना फक्त शिखरांवर टेकतात. भार वाढला की शिखरे चेपतात आणि खरे स्पर्शक्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. वीट आडवी ठेवली काय, उभी ठेवली काय, भार तोच असल्याने खरे स्पर्शक्षेत्रही तेवढेच राहते. त्यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

रबराचे वागणे मात्र वेगळे. ते चेपून तसेच राहत नाही; लवते आणि परत मूळ आकारावर येते. भार दुप्पट केला तर रबराचे खरे स्पर्शक्षेत्र दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमी वाढते. म्हणजे दाब वाढत गेला की रबराचा घर्षणगुणांक घटत जातो. शालामाख या संशोधकाने १९५२ मध्ये रबराच्या घर्षणावर भाराचा हा परिणाम कसा होतो याचे विवेचन केले. याचा सरळ अर्थ असा की तेवढाच भार अधिक क्षेत्रावर पसरला, दाब कमी झाला, तर रबराला अधिक पकड मिळते. शिवाय रबर रस्त्याच्या खडबडीत खड्यांमध्ये शिरून बसते, रस्त्याला काही प्रमाणात चिकटते, आणि घसरताना त्याचे कण तुटतात. हे सारे विटेच्या बाबतीत घडत नाही.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. नुसते टायर रुंद केले म्हणून जमिनीला टेकणारा भाग मोठा होत नाही. एका चाकावर ४००० न्यूटन भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब २ लाख पास्कल आहे असे समजू. टायरच्या भिंतींचा ताठपणा सोडून दिला, तर टेकणारे क्षेत्रफळ ४००० भागिले २,००,०००, म्हणजे ०.०२ चौरस मीटर, अर्थात २०० चौरस सेंटिमीटर येते. टायर अरुंद असेल तर हा ठसा लांबट पडेल, रुंद असेल तर आडवा. क्षेत्रफळ ढोबळमानाने तेच. क्षेत्रफळ वाढवायचे तर हवा कमी करायला हवी. दाब ८०,००० पास्कलवर आणला की ठसा ५०० चौरस सेंटिमीटरचा होतो. पण अरुंद टायरमधील हवा इतकी कमी केली तर ते रिमपर्यंत चेपते. रुंद आणि मोठ्या आकाराचे टायर कमी दाबावरही भार पेलू शकते, रबरही अधिक असल्याने चटकन तापत नाही. रुंदीचा खरा उपयोग हा आहे.

नऊ सेकंदांची भिंत

आता कॅलिफोर्नियात जाऊ. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटात काही सरोवरे आहेत. त्यांत वर्षाचा बराच काळ पाणी नसते. तळाची माती वाळून फरशीसारखी सपाट होते. म्युरोक हे त्यांतले एक. १९३० च्या दशकात तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, मडगार्ड काढून टाकून वजन कमी करत, इंजिनात फेरफार करत आणि या सरोवरांवर वेग आजमावत. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य किमतीच्या गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन दिले, तेव्हापासून या छंदाला जोर आला. अशा गाड्यांना 'हॉट रॉड' म्हणू लागले. १९३७ मध्ये या मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्नियाची संघटना स्थापन केली.

महायुद्धानंतर शर्यतीचे स्वरूप बदलले. सरोवरावर लांबवर धावून सर्वाधिक वेग मोजण्याऐवजी, थांबलेल्या स्थितीतून निघून पाव मैल अंतर कोण आधी कापतो हे पाहिले जाऊ लागले. हीच 'ड्रॅग' शर्यत. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली. रस्त्यावर होणाऱ्या जीवघेण्या शर्यती बंद पडून मुलांनी नियमांच्या चौकटीत, सुरक्षित जागी हा खेळ खेळावा, हा संघटनेमागचा एक उघड हेतू होता.

पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर. इथे अकरावीचे एक छान उदाहरण तयार होते. गाडी ढकलणारे बल रस्ता आणि टायर यांमधल्या घर्षणातून येते. मागच्या चाकांवर गाडीचा सगळा भार आला असे धरले, तरी हे बल घर्षणगुणांक गुणिले वजन याहून अधिक होऊ शकत नाही. घर्षणगुणांक १ धरला तर त्वरण जास्तीत जास्त ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. मग ४०२ मीटर कापायला किमान वेळ किती? अंतराच्या दुपटीला त्वरणाने भागून वर्गमूळ काढले की उत्तर येते सुमारे ९.०६ सेकंद. शेवटचा वेग येतो ताशी सुमारे ३२० किलोमीटर. इंजिन कितीही ताकदवान असो, घर्षणगुणांक १ च्या पुढे जात नसेल तर ही भिंत ओलांडता येणार नाही.

१ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सी राज्यातील ग्रेट मेडोज येथे डॉन गार्लिट्स यांनी हे अंतर ७.७८ सेकंदांत कापले आणि शेवटी ताशी २०१.३४ मैल, म्हणजे सुमारे ३२४ किलोमीटर वेग गाठला. त्वरण स्थिर होते असे धरून ७.७८ सेकंदांवरून ते काढले तर १३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर जाते. म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १.३५ पट! भिंत नुसती ओलांडली गेली नाही, ती तिथे नव्हतीच. शर्यतीतल्या लोकांनी हे सूत्र मांडून केले नव्हते. टायर बदलत बदलत केले होते. सुरुवातीला ते जुन्या टायरांवर नक्षी नसलेले मऊ रबर चढवून घेत. आपल्याकडे टायर रिमोल्ड करतात तसेच. पुढे १९५० च्या दशकात खास ड्रॅग शर्यतीसाठी रुंद, गुळगुळीत टायर कारखान्यांतून निघू लागले.

पुढच्या टायरांकडे कोणी लक्ष दिले नाही, याचेही कारण भौतिकशास्त्रातच आहे. गाडी झटक्याने निघते तेव्हा भार मागे सरकतो. बसने एकदम वेग घेतला की उभे प्रवासी मागे झुकतात, तसाच हा प्रकार. मागच्या चाकांवर भार वाढतो, पुढची हलकी होतात, कधी हवेतही उचलली जातात. म्हणून रुंदी हवी ती मागे.

आणि रुंदी आली की तिला जागा हवी. सांगाड्यावर उघडीवाघडी धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीत हा प्रश्न नव्हता. पण बाजारात मिळते तशा बंद मोटारींचे बाह्य रूप ठेवून धावणाऱ्या गाड्यांत तो तीव्र झाला. १९७० मध्ये अशा गाड्यांसाठी 'प्रो स्टॉक' हा वर्ग सुरू झाला आणि पुढच्या दशकात त्यांचे रूप घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्या हौशी गाड्याही आल्या. टब बनवणे हे गॅरेजमधले एक ठरलेले काम होऊन बसले.

गाडी हा डबा असतो

टब बसवणे म्हणजे पत्रा कापणे आणि दुसरा लावणे, एवढेच असते तर त्यात सांगण्यासारखे फार नव्हते. अडचण अशी की आजच्या मोटारीत पत्रा हेच हाडही असते.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या होत्या. खाली लोखंडी चौकट, वर लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये कंपनी काढून संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये आपल्या गाडीसाठी ती स्वीकारली. हे शक्य झाले एलिहू थॉमसन यांच्या शोधामुळे. दोन पत्रे एकमेकांवर दाबून त्यांतून मोठा विद्युतप्रवाह सोडला, तर स्पर्शाच्या जागी रोध जास्त असल्याने तिथेच उष्णता निर्माण होते आणि धातू जुळून येतो, हे त्यांनी १८८० च्या दशकात दाखवले होते. आपल्या पुस्तकातला जूलचा नियम इथे कामाला येतो. बड यांच्या तंत्राचे साहाय्य घेऊन फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ मध्ये वेगळी चौकट नसलेली, बॉडीच भार पेलणारी गाडी मोठ्या संख्येने बाजारात आणली. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४१ मध्ये हा मार्ग धरला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या. झाकण लावून पिळून पाहा, तो दाद देत नाही. झाकण काढले की वाकडा होतो. एक बाजू कापली तर कागदासारखा पिळवटतो. मोटारीची बॉडी असाच डबा आहे. मागच्या चाकावरचा उंचवटा हा त्या डब्याचा एक कोपरा आहे. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचे भार अनेक गाड्यांत त्याच्या आसपासच येतात. तो कापायचा म्हणजे डब्याचा कोपरा उघडायचा. म्हणून जाणता कारागीर आधी गाडी सपाट टेकूंवर समपातळीत ठेवतो, आत तात्पुरत्या नळ्या आडव्यातिडव्या जोडून आकार बांधून घेतो, मापे घेऊन ठेवतो आणि मगच कापायला हात घालतो. टब फार मोठा हवा असेल तर खालच्या लांब पेटीपट्ट्याही आत सरकवाव्या लागतात आणि मागचा आस आखूड करावा लागतो. थोडीच जागा हवी असेल तर मूळ उंचवट्याचा आतला भाग सोडवून आत सरकवतात आणि मधली फट काही सेंटिमीटरच्या पट्टीने भरून काढतात.

कागद, नळकांडे आणि गोल

नवा टब साधारण असा असतो: एक लांब पट्टी कमानीसारखी वळवलेली आणि तिच्या आतल्या कडेला जोडलेला अर्धवर्तुळाकार सपाट पत्रा. कारखान्यातला उंचवटा मात्र सगळीकडून फुगीर असतो. हा फरक कशामुळे? भूमितीमुळे.

कागद गुंडाळून नळकांडे होते, शंकू होतो. पण न चुरगळता चेंडूवर बसत नाही. गाउसने १८२७ मध्ये यामागचे गणित सिद्ध केले. नकाशे काढणाऱ्यांना जी अडचण येते तीच पत्र्याच्या कारागिराला येते. कारखान्यात शेकडो टनांचे दाबयंत्र पत्र्याला साच्यात ताणून फुगीर करते. गॅरेजमध्ये तीन रुळांचे वळवयंत्र असते. ते पत्रा न ताणता एकाच दिशेने वळवते. म्हणून घरचा टब नळकांड्याचा तुकडा असतो. माप काढणेही सोपे. कमानीची त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर अर्धवर्तुळाला पट्टी लागेल ३.१४ गुणिले ४०, म्हणजे सुमारे १२६ सेंटिमीटर. त्रिज्या ठरवताना चाक वरखाली होण्याची जागा धरावी लागते. शिवाय ड्रॅग शर्यतीचे मऊ टायर वेगात फिरताना बाहेरच्या बाजूला ताणले जाऊन व्यासाने वाढते. उभ्या गाडीत बरोबर बसलेले चाक धावत्या गाडीत टबाला घासू शकते.

पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. कारागिरांच्या भाषेत १८ किंवा २० गेजचा. एवढा पातळ सपाट पत्रा डब्याच्या बुडासारखा टकटक आवाज करत आतबाहेर होतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट होते. त्यावर युक्ती म्हणजे पत्र्यावर लांब पन्हळी उठवणे. साधा पोस्टकार्डाचा तुकडा दोन पुस्तकांवर ठेवला तर वाकतो. त्यालाच दोनतीन घड्या घालून पन्हळ केली तर तो खडूचा डबा पेलतो. घरावरचा पन्हळी पत्रा याच तत्त्वावर उभा असतो.

ज्योत आणि प्रज्योत

आता जोडकाम. इथे पुन्हा थोडे मागे जावे लागेल.

ॲसिटिलीन वायू एडमंड डेव्हीने १८३६ मध्ये शोधला. सर हंफ्री डेव्हीचा हा चुलतभाऊ. पण कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची विद्युत भट्टीची रीत टॉमस विल्सनला १८९२ मध्ये अमेरिकेत सापडेपर्यंत तो प्रयोगशाळेतच राहिला. ऑक्सिजनबरोबर जळताना त्याची ज्योत तोवर माहीत असलेल्या ज्योतींपेक्षा तप्त असते, हे ल शातलिए याने १८९५ मध्ये सांगितले. रासायनिक समतोलाच्या तत्त्वामुळे विद्यार्थ्यांना माहीत असलेला शास्त्रज्ञ तो हाच. त्याच सुमारास कार्ल फॉन लिंडे याने हवा द्रवरूप करून पुढे तीतून ऑक्सिजन वेगळा काढण्याची सोय केली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी हातात धरता येईल असा ज्योतीचा बर्नर केला. ३१०० अंश सेल्सिअसच्या आसपासची ही ज्योत, आणि पोलाद वितळते सुमारे १५०० अंशांना.

दुसरी वाट विजेची. दोन विद्युतअग्रांमध्ये पेटणाऱ्या प्रज्योतीचा उपयोग धातू जोडण्यासाठी करण्याचे एकस्व रशियातील बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८० च्या दशकात घेतले. त्यांचे अग्र कार्बनचे होते. पुढे स्लाव्यानोव्हने धातूचेच अग्र वापरले. तेच वितळून सांध्यात भरले जाते. पण वितळलेले पोलाद हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन घेते आणि ठिसूळ होते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सळीवर रासायनिक लेप दिला. तो जळून वायूचे आणि मळीचे आवरण तयार करतो. आपल्या गावातला वेल्डर आज जी काडी वापरतो, ती याच कल्पनेची.

काडीने जाड लोखंड उत्तम जुळते. एक मिलिमीटरच्या पत्र्याला मात्र भोके पडतात. पातळ धातूचे उत्तर विमानांच्या कारखान्यात मिळाले. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमच्या पातळ पत्र्याचे विमान करायचे होते. मॅग्नेशियम म्हणजे प्रयोगशाळेत आपण जी फीत पेटवून दाखवतो तो धातू! रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास न वितळणारे टंगस्टनचे अग्र घेतले आणि भोवती हेलियम वायूचा झोत सोडला. हवा दूर राहिली आणि मॅग्नेशियम न पेटता जुळला. यातून तयार झालेल्या एक्सपी-५६ या विमानाचे पहिले उड्डाण १९४३ मध्ये झाले, ते म्युरोकच्या कोरड्या सरोवरावर. तिथेच वेगात धावताना टायर फुटून त्या विमानाचा पहिला नमुना नष्ट झाला. ज्या मातीवर हॉट रॉडची मुले टायर आजमावत होती, तीच ही माती.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत सतत पुढे सरकणारी तार आणि संरक्षक वायू यांची पद्धत सिद्ध झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिची एक सौम्य आवृत्ती आली. यात बारीक तार सांध्याला टेकते, प्रज्योत क्षणभर विझते, टोक वितळून सुटते आणि प्रज्योत पुन्हा पेटते. असे सेकंदाला कित्येक डझन वेळा. सरासरी उष्णता कमी राहिल्याने पातळ पत्राही जोडता येऊ लागला. पुढे ही यंत्रे लहान व स्वस्त झाली, तेव्हा टब बनवणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

पत्रा वाकडा का होतो?

तरीही पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचा पत्रा बहुधा वाकडा होतो. कारण समजून घेण्यासारखे आहे. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने प्रसरण पावते. दहा सेंटिमीटरची पट्टी १००० अंश तापली तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढू पाहते. पण वेल्डिंगमध्ये फक्त सांधा तापतो. भोवतीचा पत्रा थंड आणि घट्ट असतो. तापलेल्या भागाला पसरायला जागा मिळत नाही. तो मऊ असल्याने जागच्या जागी चेपतो आणि जाड होतो. निवताना मात्र तो आकुंचन पावतोच, आणि आता मूळ लांबीपेक्षा आखूड होतो. मग तो भोवतीच्या पत्र्याला ओढतो आणि पत्रा सुरकुततो.

म्हणून कारागीर एका टोकापासून सलग शिवत जात नाही. आधी दर दोनतीन सेंटिमीटरवर टाके मारतो. मग एक टाका इथे, दुसरा दूर तिथे, असे भरत जातो. मध्ये हात लावून पाहण्याइतका पत्रा निवू देतो. शेवटी खाली लोखंडी ठोकळा धरून सांध्यावर हलके हातोडे मारतो. आखडलेला सांधा ताणला जाऊन पत्रा सरळ होतो. आपल्याकडचे डेंटिंगवाले हेच वर्षानुवर्षे करत आले आहेत. प्रसरणाचा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नसतो, पण त्यांच्या हाताला तो पक्का येतो.

एकसंध असण्याची किंमत

वेल्डिंगची दुसरी बाजू जहाजांनी दाखवली. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथे धक्क्याला शांतपणे उभे असलेले 'शेनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. वादळ नव्हते, टक्कर नव्हती. युद्धकाळात घाईने बांधलेल्या इतर काही जहाजांतही अशा भेगा पडल्या. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी ब्रिटनमध्ये या भेगांचा अभ्यास करून दाखवले की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. भेग बहुधा एखाद्या टोकदार कोपऱ्यापाशी किंवा सदोष सांध्यापाशी सुरू होई. रिव्हेट मारलेल्या जहाजात ती एका पत्र्याच्या कडेला थांबली असती. वेल्ड केलेल्या जहाजात सगळे पत्रे एकच झालेले, त्यामुळे ती पुढे धावत गेली.

टबाचे पोलाद मऊ आणि पातळ असते, त्यामुळे तिथे थंडीतल्या ठिसूळपणाचे तेवढे भय नाही. पण रोज हजारो धक्के खाऊन येणाऱ्या भेगेला हाच नियम लागू पडतो. म्हणून कापताना काटकोनी कोपरा न ठेवता गोलाई ठेवतात. टब नुसता 'बसला' म्हणून काम संपत नाही. कापलेल्या कोपऱ्यातून जे बल वाहत होते त्याला नवी वाट दिली की नाही, हा खरा प्रश्न असतो. टायर फुटले तर त्याचे तुकडे आणि मागे बसलेला माणूस यांच्यात हाच पत्रा असतो. कित्येक गाड्यांत पेट्रोलची टाकीही जवळच असते. ती उतरवल्याशिवाय ज्योत पेटवणे म्हणजे मरणाला बोलावणे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचीही काळजी घ्यावी लागते. जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळण्याच्या बरेच आधी, आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या रचनेत मनास येईल तसा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वरील विवेचन वाचल्यावर या बंधनामागचे तांत्रिक कारण विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येईल.

वर्गासाठी

मूळ प्रश्न सोडून देऊ नये. वीट आणि खोडरबर, दोन्ही घेऊन प्रयोग करावा. लांबट खोडरबर काचेवर आधी सपाट आणि मग अरुंद कडेवर ठेवून, वर वजन देऊन ताणकाट्याने ओढावे. वजन वाढवत नेऊन प्रत्येक वेळी घर्षणबल भागिले भार काढावे. विटेचे आकडे जवळपास स्थिर राहतील, रबराचे भाराबरोबर उतरू लागतील. काच स्वच्छ ठेवावी आणि प्रत्येक वाचन तीनतीनदा घ्यावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मुलांना नेता आले तर अधिक बरे. मात्र काळ्या काचेशिवाय प्रज्योतीकडे कोणीही पाहू नये. तिच्यातील अतिनील किरणांनी डोळे सुजतात, आणि ते कळते काही तासांनी.

अमाँताँचा नियम खोटा नव्हता. तो लाकूड आणि धातू यांच्यावरून काढलेला होता आणि तिथे आजही चालतो. रबर त्याच्या हद्दीबाहेरचे निघाले. नियम शिकवताना तो कोणत्या वस्तूंवर, कोणत्या मर्यादेत तपासला गेला हेही सांगितले, तर त्या चौकस विद्यार्थ्याला "पुस्तकात तसेच आहे" असे उत्तर द्यावे लागणार नाही.